उर्दू माध्यमाच्या मुलांना 'इंटरेस्ट' शिकवताना

उर्दू माध्यमातून शिकलेल्या आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी इंग्रजी शिकवतो. हे काम नव्याने हाती घेणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी 'इंटरेस्ट' या एकाच शब्दाचा अनुभव सविस्तर मांडतो, कारण या परीक्षांत तो गणितात, उताऱ्यात आणि मुलाखतीतही भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो.

उर्दूत त्याला तीन स्वतंत्र शब्द आहेत: दिलचस्पी, सूद आणि मफाद. आपल्याकडेही रुची, व्याज आणि हित असे तीन वेगळे शब्द असल्यामुळे मराठी शिक्षकाला विद्यार्थ्याची अडचण चटकन कळते. मात्र हे तीन प्रतिशब्द फळ्यावर लिहून पाठ करायला सांगितले, तर वाक्य समोर येताच विद्यार्थी अडखळतो. म्हणून मी आधी वाक्य देतो आणि शब्दाच्या शेजारी काय आहे ते पाहायला लावतो. पुढे 'ऑन' आणि कर्ज किंवा ठेव असेल तर सूद. 'इन' आणि एखादा विषय असेल तर बहुधा दिलचस्पी. 'पब्लिक' किंवा 'नॅशनल' मागे असेल तर मफाद. अनेकवचनी 'इंटरेस्ट्स' दिसले की व्याजाचा अर्थ बाद होतो; तेथे छंद तरी असतात किंवा हितसंबंध, म्हणजे 'मफादात' (मफादचे उर्दू अनेकवचन).

सूद हा मूळचा फारसी शब्द असून त्याचा अर्थ लाभ असा आहे. उर्दूत उपयुक्त गोष्टीला सूदमंद आणि निरर्थक गोष्टीला बेसूद म्हणतात. मफाद तर आपल्या ओळखीच्या 'फायदा' या शब्दाचाच अरबी सोयरा आहे. व्याज आणि हित यांना जोडणारा लाभाचा धागा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेतच आहे, हे दाखवून दिले की त्याची भीड चेपते. वर्गात उर्दू बोलायला बंदी घालणे मला म्हणूनच मुळीच पटत नाही.

खरी मेहनत 'इंटरेस्टेड' आणि 'इंटरेस्टिंग' यांच्यावर घ्यावी लागते. 'मुझे तारीख में दिलचस्पी है' या वाक्यात (उर्दूत तारीख म्हणजे इतिहासही) 'मुझे' असल्यामुळे विद्यार्थी इंग्रजीचा कर्ता शोधत राहतो आणि शेवटी 'आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन हिस्टरी' असे लिहितो. जिच्यात रस वाटतो ती गोष्ट 'इंटरेस्टिंग' आणि ज्याला रस वाटतो तो माणूस 'इंटरेस्टेड', हे त्याच्याच आवडीच्या विषयांवर वाक्ये रचून घेऊन पक्के करावे. उच्चारासाठी अनेक विद्यार्थी हा शब्द वहीत उर्दू लिपीत लिहून ठेवतात. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नसल्याने 'इंटरेस्टेड'च्या अखेरीस ट आणि ड ही अक्षरे लागोपाठ येतात आणि मधला स्वर वाचताना गळतो. तेवढ्या ठिकाणी 'जेर' हे स्वरचिन्ह आवर्जून द्यायला सांगावे.

'डिसइंटरेस्टेड' मात्र शेवटी घ्यावा. त्याचा काटेकोर अर्थ 'बेगर्ज', म्हणजे निःस्वार्थ किंवा निष्पक्ष. रस नसलेल्या माणसाला 'अनइंटरेस्टेड' म्हणतात. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असावा, 'अनइंटरेस्टेड' नसावा, हे एक वाक्य उर्दूत करून आणायला सांगितले की हित आणि रुची या दोन्ही अर्थांची उजळणी होते.