परीकथेची कादंबरी करायची असेल तर

पेंढ्याचं सोनं करणाऱ्या बुटक्याची गोष्ट मी माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला वाचून दाखवत होते. माझी मुलगी चरख्यावर पेंढ्याचं सोनं कातते, अशी थाप बाप मारतो, राजा तिला कोठडीत घालून 'नाही जमलं तर मारीन' म्हणतो, आणि बुटका पहिल्या बाळाचं वचन घेऊन तिला वाचवतो. ती राणी झाल्यावर तो बाळ न्यायला येतो, तीन दिवसांत माझं नाव ओळखलंस तरच बाळ तुझं, म्हणतो. बुटक्याचं नाव कळलं, राणीचं बाळ वाचलं, मी पुस्तक मिटलं. तर ती म्हणाली, "मावशी, पण तिचं नाव काय?" मी पानं पुन्हा चाळली. अख्खी गोष्ट एका नावावर उभी आहे आणि जिच्या जिवावर बेतलंय तिलाच नाव नाही. आधी गिरणीवाल्याची मुलगी, मग राणी. ही गोष्ट लिहून ठेवणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंनी तिला नाव दिलेलंच नाही.

माझी कादंबरी त्या प्रश्नातून निघाली. म्हणून आधी गोष्टीतली अशी फट शोधा. राजकन्येच्या हाती तलवार देणं किंवा गोष्ट अंतराळात नेणं हे नंतरचं. फट नसेल तर ते सगळं चार पानांत संपतं.

फट सापडायला जुनी रूपं वाचावी लागतात. ग्रिमच्या गोष्टीत बेडूक झालेल्या राजपुत्राला राजकन्या पापी देत नाही, भिंतीवर आपटते. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई 1812 च्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई आहे. 1819 मध्ये तिची सावत्र आई झाली. म्हणजे ग्रिमही बदलच करत होते, 1857 पर्यंत, सात आवृत्त्यांमधून. हे कळलं की हात मोकळा होतो. चित्रपटांतलं मात्र काही उचलू नका. ग्रिमच्या सात बुटक्यांना नावं नाहीत, ती पुढच्यांनी ठेवली.

मग गोष्टीचा सांगाडा वहीत लिहून काढा. माझा असा होता: बापाची थाप, पेंढा, तीन रात्री, गळ्यातला हार, अंगठी, बाळाचं वचन, तीन दिवस, नाव. यातलं मी काही काढलं नाही. ओळखीचं वळण जवळ येतंय हे कळून मुलांचा श्वास अडकतो, तो आनंद त्यांच्याकडून काढून घेऊ नये.

खरी मेहनत हाडांवर मांस चढवण्यात आहे. परीकथेत 'ती रात्रभर रडली' एवढं पुरतं, कादंबरीत तिला हात असावे लागतात. ती गिरणीत वाढलेली, म्हणजे पीठ जाड की बारीक हे चिमटीत धरून सांगणार. म्हणून माझ्या कोठडीत ती आधी रडत नाही. मूठभर पेंढा बोटांत चुरडते, तो ओलसर आहे हे तिला कळतं, आणि ज्याने हा भरला त्याला सोन्याशी देणंघेणं नाही, मला मारायचंच ठरलंय, हे तिच्या ध्यानात येतं. एवढ्या एका मुठीत तिची हुशारी आणि भीती दोन्ही आली.

खलनायकासाठी मूळ गोष्ट नीट वाचा. राणी राज्यातली सगळी संपत्ती देऊ करते, तेव्हा बुटका म्हणतो की जगातल्या सगळ्या खजिन्यांपेक्षा मला काहीतरी जिवंत हवंय. त्या एका वाक्यावर मी चार प्रकरणं लिहिली. राजाचं अवघड गेलं. जिवे मारण्याची धमकी देणाऱ्याशीच लग्न, हे आजच्या मुलीला गोड करून सांगवेना. पण त्यावर तिच्या तोंडी भाषण घातलं नाही. ती राजासमोर पुन्हा कधी चरख्याला हात लावत नाही, बस.

भीती पुसू नका. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ती पेलते. सिंड्रेलाच्या बहिणी टाच आणि अंगठा कापतात ते सांगावं, मात्र जखमेवर रेंगाळू नये.

खर्डा मोठ्याने वाचून दाखवा. मुलं चुळबुळ करतील तिथे खूण करा आणि वाचत राहा.

पहिल्या खर्ड्यात मी तिचं नाव पहिल्याच पानावर सांगून टाकलं होतं. भाचीने वही परत दिली, "इतक्या लवकर?" एवढंच म्हणाली. आता ते तिसऱ्या रात्री येतं. वचन घेऊन बुटका दाराशी पोचलाय, त्याने विचारलेलं नाही. ती आपण होऊन त्याला नाव सांगते, आणि तो मागे न बघता निघून जातो.