बारशासाठी पट्ट्यांचं लोकरीचं दुपटं

जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरला की पेपरात बातमी येते. आम्हाला ती वाचायची गरज पडत नाही. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटलेल्या दिसल्या की कळतं. याच तालुक्यात मी गेली बावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. गावात कुणाचं डोहाळजेवण झालं की त्या संध्याकाळी मी क्रोशाची सुई हातात घेते. रोज एक पट्टा विणायचा. छत्तीस पट्टे झाले की दुपटं पूर्ण, आणि बारशाला अजून हातात दिवस असतात.

विणकाम मला आईने शिकवलं. तिची सुई छत्रीची काडी घासून केलेली होती. त्या सुईने ती पांढऱ्या दोऱ्याचे रुमाल आणि दाराची तोरणं विणायची, इतकी बारीक की मला बघूनच घाम फुटायचा. पट्ट्यांच्या दुपट्याला तसलं काही येत नसलं तरी चालतं. साखळी, खांब आणि शेवटी काठाला मुका खांब, एवढे तीन टाके आले की पुरे. नक्षी रंगच करतात. तुम्ही फक्त मोजत राहायचं, आणि ते मात्र मनापासून.

आधी लोकरीचं बघू. बाळाच्या दुपट्याला मी चार पदरी अ‍ॅक्रिलिक लोकर घेते. ती टोचत नाही, घरी धुता येते आणि रंग पुष्कळ मिळतात. पुण्याला गेले तर रविवार पेठेत बोहरी आळीतून आणते, नाहीतर नाशिकला मेन रोडवरून. कंपनी वर्धमान असो की गंगा, दुकानात गुंडा गालाला लावून बघा. गालाला खरखरीत लागली तर बाळाच्या मानेलाही लागणार. एकाच रंगाचे दोन गुंडे घेताना कागदावरचा लॉट नंबर जुळवून घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखे दिसतात, पण उन्हात नेले की एक पिवळसर निघतो.

एका दुपट्यात सूत आणि अ‍ॅक्रिलिक एकत्र करू नका. घरात सुती दोरा शिल्लक होता म्हणून मी एकदा मधले चार पट्टे त्याचे घातले. पहिल्या धुण्यात सूत आटलं, लोकर आहे तशीच राहिली, आणि दुपट्याला मध्येच कंबर आल्यासारखी चुणी पडली. ती कशानेही निघाली नाही.

माझं माप असं: रुंदी ७५ सेंटिमीटर, लांबी ९० सेंटिमीटर. सुई साडेचार मिलिमीटरची, शिवाय पहिल्या साखळीपुरती एक पाच मिलिमीटरची. सहा रंग, प्रत्येकी शंभर ग्रॅम. काठ ज्या रंगाचा करायचा तो दीडशे घ्या. यातलं थोडं उरतं आणि ते उरायलाच हवं, कारण शेवटी सांगते. मोठ्या डोळ्याची बोथट सुई, कात्री आणि पाच-सहा सेफ्टी पिनाही जवळ ठेवा.

आता हाताचा अंदाज. २० खांब रुंद आणि १० ओळी उंच असा एक चौकोन विणा. तो न ताणता टेबलावर ठेवून मधले १० सेंटिमीटर मोजा. माझ्या हाताला तेवढ्यात १४ खांब आणि ८ ओळी बसतात. तुमचा हात घट्ट असेल तर १६ बसतील, मग सुई पाच मिलिमीटरची घ्या. सैल असेल तर चार मिलिमीटरची. हा चौकोन फुकट जात नाही, उसवून लोकर पुन्हा वापरता येते. उसवताना दहा खांबांना किती लोकर लागली तेही मोजून ठेवा. माझ्या हाताला साधारण एक मीटर लागते. म्हणजे एका ओळीला साडेदहा मीटर आणि दोन ओळींच्या पट्ट्याला एकवीस मीटर. जुन्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीतून पट्टा निघेल की नाही, हे या हिशेबावरून आधीच समजतं.

साखळी म्हणजे सुईवरच्या फासातून दोरा ओढून केलेला साधा टाका. ती पाच मिलिमीटरच्या सुईने घाला. साखळी घट्ट पडली तर दुपटं खालून आवळतं आणि वर पसरतं, पुढे कितीही सारखं विणलं तरी. साखळ्या १०७ घालायच्या. दर वीस साखळ्यांनी एक सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे फोन आला किंवा दार वाजलं तरी पहिल्यापासून मोजावं लागत नाही. मी चार-पाच साखळ्या जास्तच घालते. जास्तीच्या असल्या तर सुरुवातीच्या गाठीकडून नंतर सोडवता येतात, कमी पडल्या तर मात्र काही करता येत नाही.

आता साडेचारची सुई घ्या आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब विणा. खांब असा: सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, सुई साखळीत घालून दोरा बाहेर ओढा, सुईवर तीन फास होतील. दोरा घेऊन दोन फासांतून काढा. पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढा. झाला खांब. सोडून दिलेल्या तीन साखळ्या पहिल्या खांबाच्या जागी धरायच्या. ओळ संपली की एकूण १०५ भरले पाहिजेत. पहिली ओळ सगळ्यांचीच वेडीवाकडी दिसते, पिळते, गुंडाळी होते. चौथ्या ओळीपर्यंत ती आपोआप सरळ होते, तोवर धीर धरा.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आपल्या खांबाला अमेरिकेत डबल क्रोशे म्हणतात आणि इंग्लंडमध्ये ट्रेबल. इंग्लंडचं डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. शब्द एकच आणि टाके दोन, त्यामुळे बाई कुठली आहे ते आधी बघा. नाहीतर तुमचं दुपटं तिच्यापेक्षा निम्म्या उंचीचं होईल आणि चूक कुठे झाली ते सापडणार नाही.

ओळ संपली की तीन साखळ्या घाला आणि काम उलटवा. या तीन साखळ्या म्हणजे नव्या ओळीचा पहिला खांब. म्हणून अगदी कडेच्या टाक्यात विणायचं नाही, त्याच्या शेजारच्या टाक्यापासून सुरुवात करायची. आणि ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर विणायचा. पट्ट्यांच्या दुपट्यातली अवघड जागा ही एवढीच आहे. साखळ्यांचं डोकं कडेला आडवं झोपलेलं असतं आणि टाका आहे असं वाटतच नाही, त्यामुळे बायका तो सोडून देतात.

गेल्या वर्षी अंगणवाडीत नाव नोंदवलेली एक मुलगी, सातवा महिना लागलेला, पोषण आहार घ्यायला यायची तेव्हा विणकाम पिशवीत घालून आणायची. एके दिवशी तिने ते माझ्यापुढे पसरलं.

"ताई, बघा ना, वाकडं चाललंय. मी तर एकही टाका सोडला नाही."

"शेवटची ओळ मोज बरं."

"सत्त्याण्णव."

"आणि ओळी किती झाल्या?"

"नऊ."

पहिल्या ओळीत १०५ होते. पुढच्या आठ ओळींत आठ गेले, दर ओळीला एक. तिचं बोट धरून मी कडेवर ठेवलं आणि म्हटलं, नखाने चाचपड. आडव्या साखळीचा तो बारीक उंचवटा नखाला लागला आणि तिचा चेहरा बदलला. "हा होय! मला वाटलं ही गाठ आहे." सगळं पहिल्या ओळीपर्यंत उसवलं आणि पुन्हा विणलं. त्यानंतर तिचा एकही टाका गेला नाही. माझंही पहिलं दुपटं असंच १०५ वरून ९१ वर आलं होतं, पण मला ते चौदा ओळींनी कळलं. म्हणून सांगते, पहिल्या दहा ओळी प्रत्येक ओळ मोजा. पुढे पट्टा संपला की मोजलं तरी चालतं. कडेचा टाका दिसतच नसेल तर तीन साखळ्यांतल्या वरच्या साखळीत घालतानाच सेफ्टी पिन अडकवून ठेवा.

रंग बदलायची जागा म्हणजे ओळीचा शेवटचा खांब. तो पूर्ण करायचा नाही. सुईवर दोन फास राहिले की जुना रंग सोडा, नवा रंग घ्या आणि त्याच दोन फासांतून काढा. आता सुईवर नव्या रंगाचा फास आहे, काम उलटवून तीन साखळ्या त्याच रंगाने घाला. खांब पूर्ण करून मग रंग जोडला तर नव्या पट्ट्याच्या कडेला जुन्या रंगाचा ठिपका दिसतो. जुन्याचं आणि नव्याचं टोक पंधरा-पंधरा सेंटिमीटर ठेवा. कापताना हात आखडला तर नंतर ते सुईत ओवता येत नाही.

प्रत्येक रंगाच्या दोन ओळी करायच्या. दोन ओळी केल्या की रंग नेहमी एकाच कडेला बदलतो, दुसरी कड स्वच्छ राहते. सहा रंगांच्या बारा ओळींचा एक फेर, असे सहा फेर म्हणजे ७२ ओळी. पट्टे छत्तीस आणि टोकं बहात्तर. ती शेवटपर्यंत साठवू नका. रोज पट्टा झाला की त्याच रंगात टोक बोथट सुईने आधी एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला असं तीनदा घाला. अ‍ॅक्रिलिक निसरडं असतं, एकाच दिशेला घातलं तर दोन धुण्यांत टोक बाहेर येतं. आणि बाहेर आलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो, त्यामुळे यात कंटाळा करू नका.

रंग निवडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तो मी आनंदाने देते. सहा गुंडे दारात उन्हात ओळीने मांडते आणि दोन दिवस जाता-येता बघते. माझा आवडता संच असा: हळदी, कांद्याच्या सालीसारखा गुलाबी, डाळिंबी, मोरपिशी, पोपटी आणि मोतिया. लासलगावच्या बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरच्या रांगेत कांद्याच्या सालीवर ऊन पडतं, तो गुलाबी मला दुकानात सापडायला तीन वर्षं लागली. दोन गडद रंग शेजारी आले तर पट्टे एकमेकांत मिसळतात, मधे एक फिका हवा. म्हणून डाळिंबी आणि मोरपिशीच्या मधे मी मोतिया घालते. घरातल्या उरलेल्या लोकरीचं करायचं असेल आणि रंग काही केल्या जुळत नसतील, तर दर दोन पट्ट्यांनंतर एकच ठरावीक रंग घाला, मोतिया किंवा राखाडी. तो सगळ्यांना धरून ठेवतो. गडद रंगाचा पट्टा दुपारी विणा. रात्री दिव्याखाली डाळिंबीतला टाका दिसत नाही, नजर ताणून विणलं की चुकतंच.

७२ ओळी झाल्या की काठ. काठाला मुका खांब घ्यायचा: सुई टाक्यात घालून दोरा ओढा, दोन फास होतात, दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. वरच्या आणि खालच्या बाजूला प्रत्येक खांबावर एक मुका खांब. कोपऱ्यात एकाच जागी तीन, नाहीतर कोपरे आत वळतात. दोन्ही कडांना मात्र खांब आडवे येतात आणि किती घ्यायचे ते कळत नाही. दर ओळीला दोन घेतले तर कड लहरते, एक घेतला तर आवळते. मी चार ओळींना सात घेते, म्हणजे दोन, दोन, दोन, एक. तोंडाने हळू म्हणत गेलं की हात आपोआप चालतो. ७२ ओळींना १२६ होतात. काठाच्या दोन फेऱ्या पुरतात.

दुपटं कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा. दोरीवर टाकलं तर ओल्या वजनाने लांब होतं. गरम इस्त्री लावू नका, अ‍ॅक्रिलिक एकदा मेलं की पुन्हा फुगत नाही. आणि शेकोटी, शेगडीपासून लांब ठेवा, ते वितळून अंगाला चिकटतं.

सेविका म्हणून अजून एक गोष्ट बाळाच्या आईला मी दुपटं देतानाच सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना हे सैल अंगावर टाकू नये, तोंडावर सरकलं तर त्याला बाजूला करता येत नाही. मांडीवर घेताना, उन्हाला बसवताना, लस द्यायला नेताना बाळाला यात गुंडाळावं. झोपेत अंगात गरम झबलं आणि पायात मोजे बरे.

उरलेली लोकर रंगागणिक छोट्या गुंड्या करून एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी दुपट्याबरोबरच द्या. गेल्या महिन्यात माझ्या वर्गातला चार वर्षांचा मुलगा त्याचं दुपटं घेऊन आला, हळदी पट्ट्यात उंदराने भोक पाडलं होतं. आईने पिशवी जपून ठेवली होती. त्याला शेजारी बसवलं, हळदी गुंडी त्याच्या हातात धरायला दिली आणि अकरा खांब नव्याने विणून भोक बुजवलं.