शोकेसमधल्या सीडी टीव्हीवर: जुन्या लॅपटॉपचा मीडिया सर्व्हर कसा उभारावा

आमच्या घरी शोकेसच्या खालच्या कप्प्यात मराठी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या साठेक व्हीसीडी, थोड्या डीव्हीडी आणि धाकट्या काकांच्या लग्नाची डीव्हीडी अशी ठेव कित्येक वर्षे पडून होती. प्लेअर बिघडला, त्यानंतर भिंतीवर आलेल्या टीव्हीला तो जोडायची पिवळी-लाल-पांढरी भोकेही नव्हती, आणि आई अधूनमधून विचारी की ते नाटक पुन्हा कधी बघायला मिळेल. आज ती रिमोट हातात घेऊन ते स्वतः लावते. त्यासाठी लागला तो एक जुना लॅपटॉप, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि दोन रविवार. हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे अडखळायला होते, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्व्हर म्हणजे आपल्या फाईली सांभाळणारा आणि मागणी येताच त्या घरच्या वायफायवरून टीव्हीकडे पाठवणारा संगणक. त्यासाठी मी जेलीफिन हे सॉफ्टवेअर वापरतो. एम्बी या अशाच मीडिया सर्व्हरच्या प्रकल्पाने आपली संहिता, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ कोड, इतरांसाठी बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी तिच्या खुल्या आवृत्तीपासून जेलीफिन वेगळे काढले. ते पूर्णपणे विनामूल्य आहे, आणि प्लेक्स या दुसऱ्या मीडिया सर्व्हरमध्ये ज्या सोयीसाठी वर्गणी भरावी लागते ती ग्राफिक्स चिपच्या मदतीने व्हिडिओ रूपांतरित करण्याची सोयही त्यात मोफत मिळते. प्लेक्स वाईट नाही, पण घरच्या घरी वापरायच्या गोष्टीसाठी बाहेरच्या कंपनीकडे खाते उघडावे लागू नये, असे माझे मत आहे.

आधी फाईली तयार कराव्यात

बहुतेक जण सर्व्हरपासून सुरुवात करतात आणि मग चित्र का अडकते याचा शोध घेत बसतात. मी उलटा क्रम सुचवीन. टीव्हीला जशीच्या तशी चालेल अशी फाईल एकदा तयार करून ठेवली, तर सर्व्हरला ती केवळ पोचवण्याचे काम उरते आणि दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही ते निवांतपणे करतो. फाईल टीव्हीला झेपणारी नसेल, तर सर्व्हरला ती चित्रपट चालू असतानाच रूपांतरित करावी लागते. पंखा घोंघावू लागतो, चित्र थांबते आणि दोष मात्र वायफायला दिला जातो.

व्हीसीडी संगणकात घातली की तिच्यात एमपीईजीएव्ही नावाचे फोल्डर दिसते आणि त्यात डॅट प्रकारची मोठी फाईल असते. चित्रपट तीच आहे, आणि ती व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट चालते. एका व्हीसीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटे मावत असल्यामुळे चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागलेला असतो. तबकडीवर ओरखडे असतील तर नकल करताना ती मध्येच अडते. अशा वेळी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवू नये, आणि शक्य असल्यास दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावे. माझ्या अनुभवात एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसऱ्याने मुकाट्याने वाचल्याचे अनेकदा घडले आहे.

रूपांतरासाठी हँडब्रेक हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. व्हिडिओसाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी निवडून एमपी४ फाईल करावी, कारण ही जोडी न चालणारा स्मार्ट टीव्ही आज शोधून सापडणार नाही. गुणवत्तेचा आरएफ हा आकडा व्हीसीडी-डीव्हीडीसाठी २० च्या आसपास ठेवावा. आकडा कमी केला की फाईल मोठी होते. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते. ते ओढून १०८० करण्याचा मोह टाळावा, कारण नसलेला तपशील त्यातून निर्माण होत नाही आणि डिस्क मात्र भरते.

डीव्हीडीची गोष्ट थोडी वेगळी आहे. भारतातल्या डीव्हीडींवरचे चित्र सहसा ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणात प्रत्येक चौकट सम आणि विषम अशा दोन अर्ध्या चित्रांनी बनलेली असते. काकांच्या लग्नाच्या डीव्हीडीत काकूंनी मान हलवली की मुंडावळ्यांच्या सरांना फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा फुटत, त्या याच कारणाने. हँडब्रेकच्या फिल्टर विभागात डीइंटरलेस चालू करून त्यात बॉब हा पर्याय घेतला आणि फ्रेमचा वेग सेकंदाला ५० ठेवला, की ती अर्धी चित्रे पूर्ण होतात, रेघा जातात आणि हालचालही मुळासारखी सलग राहते. मूळ चित्रण चित्रपटाचे असेल तर याची गरज सहसा पडत नाही.

हे सर्व स्वतः विकत घेतलेल्या तबकड्यांविषयी आणि घरच्या चित्रणाविषयी आहे. नकल रोखण्यासाठी कुलूपबंद केलेली डीव्हीडी हँडब्रेक स्वतः उघडत नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणून फार जुन्या चित्रपटांच्या बाबतीत मोकळीक अधिक असते. नव्या चित्रपटाची नकल गावभर वाटण्यासाठी हा सर्व्हर नाही.

नावे ठेवण्याची शिस्त

जेलीफिन फाईलच्या नावावरून चित्रपट ओळखते आणि इंटरनेटवरून त्याचे पोस्टर व माहिती आणते. म्हणून प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर करून नाव आणि कंसात वर्ष लिहावे. वर्ष का हवे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘श्यामची आई’. त्या नावाचा एक चित्रपट १९५३ चा आहे आणि दुसरा २०२३ चा. वर्ष नसेल तर एकाच्या जागी दुसऱ्याचे पोस्टर येऊन बसते. नाव देवनागरीत लिहिले तरी चालते, वर्ष मात्र इंग्रजी अंकांतच लिहावे, कारण सॉफ्टवेअर मराठी अंकांना वर्ष म्हणून ओळखत नाही. एवढी बारीक गोष्ट लक्षात न आल्यामुळे माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. दोन तबकड्यांचा चित्रपट असेल, तर दोन्ही फाईलींची नावे अक्षरशः सारखी ठेवून शेवटी आडवी रेघ आणि इंग्रजी अक्षरांत ‘सीडी’ व क्रमांक जोडावा, म्हणजे पडद्यावर एकच चित्रपट दिसतो आणि पहिला भाग संपताच दुसरा सुरू होतो.

नाटके आणि घरचे समारंभ यांना चित्रपटांत मिसळू नये. त्यांच्यासाठी घरगुती व्हिडिओ या प्रकारचा स्वतंत्र संग्रह करावा. नाहीतर मुंजीच्या फाईलला भलत्याच परदेशी चित्रपटाचे पोस्टर चिकटते.

सर्व्हर

लॅपटॉपवर विंडोज असो वा लिनक्स, जेलीफिन दोन्हीकडे चालते. ते बसवल्यावर त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हाच संगणक) आणि त्यापुढे विसर्गासारखे चिन्ह देऊन ८०९६ हा पोर्ट क्रमांक टाकला की मांडणीचे पान उघडते. भाषा, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि संग्रहांची फोल्डरे एवढेच त्यात विचारले जाते. संग्रहाच्या माहितीची भाषा मराठी निवडता येते. जिथे मराठी माहिती उपलब्ध नसते तिथे इंग्रजी येते.

लिनक्सवर एक अडचण जवळजवळ हमखास येते. फोल्डर दाखवले, शोध पूर्ण झाला आणि संग्रह रिकामाच राहिला, असे दिसले तर फाईली हरवलेल्या नसतात. जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि बाहेरची डिस्क मात्र आपल्या नावावर जोडलेली असते, त्यामुळे त्याला आत शिरायची परवानगीच नसते. डिस्क कायमस्वरूपी एका ठरावीक ठिकाणी जोडून त्या वापरकर्त्याला वाचण्याचा अधिकार दिला की संग्रह भराभर भरतो. विंडोजवर परवानगीची अडचण फायरवॉलच्या, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या सोयीच्या, रूपाने येते. संग्रह भरतो, पण टीव्हीला सर्व्हर सापडत नाही. घरचे नेटवर्क तिथे खासगी म्हणून नोंदवलेले असावे आणि जेलीफिनला परवानगी दिलेली असावी.

त्यानंतर लॅपटॉपची झोप बंद करावी. झाकण मिटल्यावर आणि बराच वेळ कोणी हात न लावल्यावर, अशा दोन्ही वेळी तो जागा राहील अशी व्यवस्था हवी. लॅपटॉपचा फायदा असा की वीज गेली तरी बॅटरीवर तो तग धरतो, आणि राउटरसाठी छोटा यूपीएस असेल तर इन्व्हर्टरवरच्या टीव्हीवर नाटक अखंड चालू राहते. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती आधी काढून टाकावी, यात हयगय नको. विजेचा हिशेबही करून पाहावा. लॅपटॉप सरासरी १५ वॉट घेत असेल, तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला सुमारे ११ युनिट होतात.

जागेचा अंदाज असाच काढता येतो. सेकंदाला ८ मेगाबिट दराची फाईल ताशी ३.६ जीबी घेते, म्हणजे अडीच तासांचा चित्रपट ९ जीबी. व्हीसीडीचा चित्रपट दीड-दोन जीबीत सहज बसतो. आमचा सगळा संग्रह १ टीबीच्या डिस्कवर मावून वर बरीच जागा उरली आहे. लग्नाच्या चित्रणाची मात्र दुसऱ्या डिस्कवर एक प्रत नक्की ठेवावी. चित्रपट पुन्हा मिळेल, ते मिळणार नाही.

टीव्हीशी गाठ

राउटरच्या पानावर जाऊन लॅपटॉपचा आयपी पत्ता (घरच्या जाळ्यातला त्याचा क्रमांक) राखून ठेवावा, म्हणजे तो रोज बदलणार नाही. समजा तो १९२.१६८.१.२० आहे. आता टीव्हीकडे वळण्याआधी त्याच वायफायवरच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता आणि पुढे ८०९६ टाकून पाहावे. मोबाइलवर पान उघडले तर सर्व्हर ठीक आहे आणि अडचण असलीच तर टीव्हीत आहे, हे एका मिनिटात कळते.

पान उघडले नाही तर सगळी उपकरणे खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का ते पाहावे. फायबरवाल्याची पेटी आणि तिला जोडलेला आपला राउटर अशी दोन यंत्रे अनेक घरांत असतात, आणि दोन्ही आपापले वेगळे जाळे चालवतात. लॅपटॉप एका जाळ्यात आणि टीव्ही दुसऱ्यात, असे झाले की दोघांनाही इंटरनेट मिळते पण ते सहसा एकमेकांना दिसत नाहीत. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळे जाळे न बनवता पहिल्याचेच जाळे पुढे नेणारे यंत्र म्हणून, चालवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर टीव्ही जोडला असेल, तरी हेच घडते.

टीव्हीच्या ॲपच्या दुकानातून जेलीफिनचे ॲप घ्यावे. ते तिथे नसेल तर टीव्हीला अँड्रॉइडची काडी (टीव्ही स्टिक) लावणे सोपे पडते. ॲपमध्ये पत्ता भरल्यावर रिमोटने पासवर्ड टिपत बसू नये. क्विक कनेक्ट निवडल्यावर टीव्हीवर सहा आकडे येतात, ते मोबाइलवर आधीच उघडलेल्या आपल्या खात्यात भरले की टीव्ही आत येतो. आईसाठी मी तिच्या नावाचे वेगळे खाते केले आहे आणि तिला फक्त नाटके व जुने चित्रपट दिसतील असे ठेवले आहे. तिने काल जिथे थांबवले तिथूनच आज पुढे सुरू होते, हे तिला सगळ्यांत जास्त आवडते.

राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये काँक्रीटच्या दोन भिंती असतील, तर तार ओढणे उत्तम. अनेक टीव्हींचे इथरनेट सेकंदाला १०० मेगाबिटांचेच असते, पण आपल्या ८ मेगाबिटांच्या फाईलला ते भरपूर आहे. निदान लॅपटॉप तरी तारेने जोडावा आणि टीव्हीला ५ गिगाहर्ट्झचे वायफाय द्यावे, इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजाऱ्यांची गर्दी फार असते.

तरीही चित्र अडकले, तर जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू असलेल्या चित्रपटाच्या चौकटीत पाहावे. रूपांतर चालू असल्यास त्याचे कारण तिथे लिहिलेले असते. दोन कारणे वारंवार दिसतात. पहिले म्हणजे डीटीएस या पद्धतीने साठवलेला आवाज, जो बऱ्याच टीव्हींना चालत नाही. दुसरे म्हणजे डीव्हीडी-ब्लूरेमधली चित्ररूप उपशीर्षके, जी बहुधा सर्व्हरला प्रत्येक चौकटीवर छापावी लागतात. त्याऐवजी एसआरटी प्रकारची मजकुराची फाईल चित्रपटाच्याच नावाने शेजारी ठेवावी आणि ती यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत जतन केलेली असावी, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी कचरा दिसतो. सर्व्हर स्वतः छापत असलेल्या उपशीर्षकांत अक्षरांऐवजी चौकोन दिसू लागले, तर लॅपटॉपवर नोटो सान्स देवनागरी हा फाँट बसवावा.

घराबाहेरून किंवा परदेशातल्या मुलांना हा संग्रह पाहता यावा म्हणून राउटरवर ८०९६ हा पोर्ट जगाला उघडा करू नये. त्यासाठी टेलस्केलसारखे, फक्त आपल्याच उपकरणांना इंटरनेटवरून जोडणारे खासगी जाळे वापरावे.

राहिला टीव्ही. चित्र गुळगुळीत करणारी मोशनची सोय बंद करावी, आणि ॲपच्या सेटिंगमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट चित्रपटाप्रमाणे बदलण्याचा पर्याय असल्यास तो चालू करावा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमचे आपले जुने चित्रण झटके न देता सरकते. जुन्या व्हीसीडींचे चित्र चारास तीन प्रमाणाचे असते आणि टीव्ही ते ताणून पडदा भरतो, त्यामुळे सगळी पात्रे बुटकी आणि रुंद दिसतात. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या यादीत मूळ प्रमाण निवडावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या तशाच राहू द्याव्यात. काकांच्या लग्नाच्या चित्रणातही हेच केले, तेव्हा आंतरपाट खाली येतानाच्या त्या चौकटीत आजीचा चेहरा आम्हाला पुन्हा तिच्या खऱ्या आकारात दिसला.