क्यूएमूत डिव्हाइस लिहायला घेताय? आधी माझे अडीच आठवडे कुठे गेले ते ऐका

गेल्या दोन महिन्यांत चौघांनी एकच प्रश्न विचारला, की डिव्हाइस इम्युलेशन शिकायचंय, कुठून सुरू करू, म्हणून एकदाच सगळं टाइप करते. क्यूएमू म्हणजे कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, आतल्या त्या खोट्या मशीनला गेस्ट म्हणतात, आणि डिव्हाइस इम्युलेशन म्हणजे त्या गेस्टसाठी एखादं कार्ड कोडमध्येच बनवणं. सी येतं, लिनक्सवर कंपाइल करता येतं, पॉइंटर आणि पीसीआय म्हणजे काय ते माहितीये असं धरून चालते. नसेल तर आधी ते करा आणि मग या, खरंच सांगते, उगाच डोकेदुखी होईल.

मी ईअँडटीसीवाली (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग). पुण्यात तीन ठिकाणी इंटरव्ह्यूत आपटले आणि नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत लागले. तिथे टेस्टिंगच्या मशीनमध्ये एक जुनं डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड होतं, पीसीआयचं, एकच नग, बनवणाऱ्यांनी कधीच बंद केलेलं. ड्रायव्हरमध्ये काही बदलून बघायचं तर मशीन थांबवायला लागायचं आणि शिफ्ट सुपरवायझर तर मला दारात बघूनच मान हलवायचा. शेवटी साहेब म्हणले, "तू ते केमू का काय म्हणतेस ना, त्यात हे कार्ड बनव की." (क्यूएमू ओ, पण आमच्याकडे सगळे केमूच म्हणतात.) मी हो म्हणून बसले. आठवड्याचं काम वाटलं होतं, चार महिने गेले.

सुरुवात एज्यु डिव्हाइसपासून करा. सोर्समध्ये एचडब्ल्यू फोल्डर, त्यात मिस्क, त्यात एज्यु. चेक रिपब्लिकमधल्या मासारिक युनिव्हर्सिटीत पोरांना ड्रायव्हर शिकवायला बनवलेलं खोटं पीसीआय कार्ड आहे ते. एका रजिस्टरमध्ये आकडा लिहिला की त्याचा फॅक्टोरियल काढून देतं, इंटरप्ट मारतं (प्रोसेसरला काम झाल्याचा इशारा), आणि ४०९६ बाइटचा छोटा डीएमए बफर पण आहे (डीएमए म्हणजे कार्डाने स्वतःच रॅम वाचणं-लिहिणं). एवढीशी फाइल, पण एमएमआयओ (मेमरीच्या पत्त्यावरून रजिस्टर वाचणं-लिहिणं), इंटरप्ट, डीएमए, वेगळा थ्रेड, सगळं त्यात बसलंय. दोनदा वाचा, मग त्याचा लिनक्स ड्रायव्हर स्वतः लिहा, मगच स्वतःच्या डिव्हाइसला हात लावा. आणि बिल्ड करताना टार्गेट लिस्टमध्ये एकच टार्गेट (कुठल्या प्रोसेसरची खोटी मशीन हवी ते) द्या, मी पहिल्यांदा सगळे दिले आणि माझा ४ जीबीचा लॅपटॉप रात्रभर फॅन फिरवत बसला, सकाळी बघते तर मेमरी संपून लिंकरच मेलेला.

एखादं जुनं मोठं डिव्हाइस कॉपी करून नावं बदलायची, हा शॉर्टकट सगळ्यांना सुचतो. मलाही सुचला. नका करू. क्यूएमू २००३ पासूनचं आहे, फाब्रिस बेलार्डने सुरू केलेलं, त्यामुळे आत वीस वर्षांचे थर आहेत, कुठल्या थराची पद्धत आज चालते आणि कुठली फक्त कोणी हात लावला नाही म्हणून राहिलीये हे नवख्याला कळतच नाही. फ्लॉपी कंट्रोलर बघा. आज फ्लॉपी कोण वापरतं, पण त्या कोडमध्ये ५१२ बाइटच्या बफरच्या बाहेर लिहिता येत होतं आणि हे २०१५ मध्ये उघडकीला आलं, व्हेनम नावाने. तोवर भोक अकराएक वर्षं तसंच होतं. तुम्ही कॉपी कराल ती फाइल तशी नसेल कशावरून?

आता मेमरी. गेस्टने स्वतःची रॅम वाचली तर तुमच्या कोडला त्याचा पत्ताही लागत नाही. केव्हीएम असेल तर (गेस्टचा कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारा लिनक्स कर्नलचा भाग, २००७ ला आला, २.६.२० मध्ये) प्रोसेसर ते थेट हार्डवेअरवरच करतो. तुमच्या डिव्हाइसच्या रजिस्टरच्या पत्त्याला हात लागला की मगच गेस्ट थांबतो, कंट्रोल क्यूएमूकडे येतो, आणि मेमरी रीजनच्या झाडातून शोधून तुमचं रीड नाहीतर राइट फंक्शन बोलावलं जातं. हे झाड बघायचं असेल तर क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये (स्क्रीन नव्हे, कमांड द्यायची जागा) इन्फो एमट्री टाइप करा. मी त्याची प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवली होती, आई म्हणाली हे कुठल्या पूजेचं यंत्र.

इथे एक छोटा खड्डा आहे, पटकन सांगते. ऑप्समध्ये (रीड-राइट फंक्शनं नोंदवायचं स्ट्रक्चर) इम्प्लचे साइझ, म्हणजे तुमचं फंक्शन एका वेळी किती बाइट घेतं ते, दिले नाहीत तर क्यूएमू तुमचं फंक्शन जास्तीत जास्त ४ बाइटचं धरतं. गेस्टने ८ बाइटचा पत्ता एका दमात लिहिला तरी तुमच्याकडे तो ४-४ चे दोन तुकडे होऊन येतो, आणि तुम्ही पहिल्याच तुकड्यावर "चला पत्ता आला, काम सुरू" केलंत तर अर्ध्या पत्त्यावर काम सुरू. साइझ स्वतः द्या, विषय संपला.

पण मला गिळलं ते डीएमएने. आता नीट वाचा, चहा आणायचा असेल तर आणा.

माझं कार्ड असं चालायचं. ड्रायव्हर रॅममध्ये १६ बाइटचा डिस्क्रिप्टर ठेवणार, पहिले ८ बाइट बफरचा पत्ता, मग ४ लांबी, मग ४ फ्लॅग. डिस्क्रिप्टरचा पत्ता रजिस्टरमध्ये लिहिणार, डोअरबेल मारणार (म्हणजे "सुरू कर" सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये लिहिणार). कार्ड तो डिस्क्रिप्टर वाचणार, बफरमध्ये सँपल टाकणार, इंटरप्ट मारणार. खरा ड्रायव्हर हातात यायला वेळ होता म्हणून टेस्टपुरता छोटा ड्रायव्हर मीच खरडला. डिस्क्रिप्टर वाचायला मी सीपीयू_फिजिकल_मेमरी_रीड वापरलं, कारण नावच तसं आहे ना, फिजिकल मेमरी, रीड, अजून काय पाहिजे. चाललं. पहिल्या फटक्यात चाललं! त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना मिसळ खिलवली.

मग कोड साफ करताना वाचलं की पीसीआय डिव्हाइसने पीसीआय_डीएमए_रीड वापरायचं असतं. बदललं. दोन ओळींचा बदल. आणि डेटा गायब. म्हणजे डोअरबेल मारली की इंटरप्ट येतोय, स्टेटस रजिस्टर म्हणतंय काम झालं, आणि बफर कोरा. एरर नाही, क्रॅश नाही, काही नाही. डिव्हाइसमध्ये प्रिंट टाकून बघितलं तर डिस्क्रिप्टरचे सोळाच्या सोळा बाइट शून्य. ड्रायव्हरच्या बाजूने छापलं तर तिथे बरोबर भरलेले. एकाच पत्त्यावर दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसतायत. मी कॅशपासून कंपाइलरपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, एन्डियन (बाइटचा क्रम) उलटं करून बघितलं (शून्य उलटं केलं तरी शून्यच, हे कळायला मला अर्धा दिवस लागला, हसू नका), लॅपटॉप बदलला, क्यूएमूचं व्हर्जन बदललं.

अडीच आठवडे.

एका रविवारी घरी जेवताना तोंड पाडून बसले होते. पप्पांचं अंबडला लेथचं छोटं वर्कशॉप आहे, त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, पण काय अडलंय ते सांग म्हणाले. सांगितलं, की डिव्हाइस म्हणतंय झालं पण झालेलं नसतं. ते म्हणाले, "मशीन झालं म्हणतं म्हणून तू जॉब पुढे पाठवते? गेज लावत नाही?" आणि मला आठवलं की पीसीआय_डीएमए_रीड काहीतरी परत देतं आणि मी ते कधी बघितलंच नाहीये. ताट तसंच ठेवून उठले. परत येणारी किंमत छापली. डीकोड एरर, म्हणजे त्या पत्त्यावर कोणीच नाही. प्रत्येक वेळेला, पहिल्या दिवसापासून.

मग गेस्टमध्ये एलएसपीसीआय (पीसीआय कार्डांची माहिती दाखवणारी कमांड) लावलं, डबल व्ही देऊन. कंट्रोलच्या ओळीत आयओ प्लस, मेम प्लस, आणि त्याच्यापुढे बसमास्टर मायनस. ती ओळ मी त्याआधी वीसेक वेळा बघितली असेल.

झालं होतं असं. कार्डाने स्वतःहून रॅमला हात लावायचा तर पीसीआयच्या कमांड रजिस्टरमधला बस मास्टर बिट चालू लागतो, आणि तो चालू करणं ड्रायव्हरचं काम. पीसीआय_एनेबल_डिव्हाइसने तो होत नाही, पीसीआय_सेट_मास्टर वेगळं बोलवायला लागतं, ती एक ओळ माझ्या ड्रायव्हरमध्ये नव्हती. क्यूएमू खऱ्या हार्डवेअरसारखंच वागत होतं. बिट बंद असेल तर डिव्हाइसच्या नजरेतून पलीकडे रॅम नाहीच, सगळी मोकळी जागा, आणि मोकळी जागा वाचली की शून्य मिळतात. लांबी शून्य म्हणल्यावर माझ्या कोडने "शून्य बाइट टाकले, काम फत्ते" म्हणून इंटरप्ट मारला. आणि इंटरप्ट जुन्या पद्धतीचा, पिनवाला होता म्हणून पोचला. एमएसआय (मेसेजवाला नवा इंटरप्ट) असता तर तोही मेमरीत लिहूनच जातो, म्हणजे तोही अडला असता, आणि मला बहुतेक दोन दिवसात कळलं असतं की भानगड दारातच आहे.

सोसायटीचं गेट डोळ्यासमोर आणा. कुरिअरवाल्याला आत सोडायचं की नाही हे वॉचमन ठरवतो, फ्लॅटवाल्याने हो म्हणलं तरच. पीसीआय_डीएमए_रीड म्हणजे गेटवरून येणं. सीपीयू_फिजिकल_मेमरी_रीड म्हणजे मागच्या पडक्या भिंतीवरून उडी. पार्सल पोचतं हो, पण गेट बंद आहे हे कोणालाच कळत नाही. माझा ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून चुकलेला होता, भिंतीवरून उडी मारत होते म्हणून दिसला नाही. नाहीतर हाच ड्रायव्हर खऱ्या कार्डावर, चालू लाइनवर गेला असता. तसंच, उद्या कोणी गेस्टला आयओएमएमयू (डिव्हाइसने दिलेले पत्ते मधेच बदलून देणारं हार्डवेअर) लावला की डिव्हाइसला मिळणारा पत्ता फिजिकल पत्ता राहतच नाही, आणि भिंतीवरून उडी मारणारा भलत्याच्याच घरात उतरतो. म्हणून डिव्हाइसमध्ये डिव्हाइसच्याच नजरेतून मेमरी बघायची आणि परत येणारा रिझल्ट दर वेळी तपासायचा. दर वेळी म्हणजे दर वेळी. वाटल्यास टेबलावर लिहून ठेवा, मी ठेवलंय.

त्याच जातीच्या अजून दोन गोष्टी. एक, डिस्क्रिप्टर एकदाच स्वतःच्या कॉपीत वाचा आणि मग कॉपीवरच तपासणी आणि काम दोन्ही करा. लांबी तपासायला एकदा आणि वापरायला परत एकदा गेस्टच्या मेमरीतून वाचलीत तर मधल्या मधे गेस्ट ती बदलू शकतो. गेस्टवर विश्वास ठेवायचा नाही, तुमचा स्वतःचा असला तरी. दोन, गेस्टच्या रॅमचा थेट पॉइंटर घेऊन त्यात मेमकॉपी मारायचा मोह होईल, फास्ट पडतं म्हणून. पण मग मेमरीचं ते पान बदललंय ही नोंद कुठेच होत नाही, आणि लाइव्ह मायग्रेशनमध्ये (चालू गेस्ट दुसऱ्या मशीनवर हलवताना) जुनंच पान पलीकडे जातं. डीएमएची फंक्शनं ही नोंद स्वतःच ठेवतात. वेग नंतर बघू, आधी चालू तर दे.

घाबरवतेय असं वाटत असेल तर थांबा, एवढं अवघड नाहीये. एकदा हे दार प्रकरण डोक्यात बसलं की बाकी सगळं रजिस्टर आणि स्विच केस आहे, कंटाळवाणं पण सरळ. मी काही हुशार वगैरे नाही, एम-थ्री (इंजिनिअरिंगचा गणिताचा पेपर) दोनदा दिलाय.

मेंटरबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. बोट धरून शिकवणारा भेटेल म्हणून थांबलेले तीन जण मला माहितीयेत, तिघंही अजून थांबलेलेच आहेत. पैसे घेऊन "सिस्टिम्स मेंटरशिप" देणाऱ्या एकाकडे मीही सहा हजार घातले, त्याने मला फाइल कॉपी करूनच नावं बदलायला सांगितलं होतं. खरं शिकवतात ते क्यूएमूला पाठवलेले पॅच (कोडमधले बदल) तपासणारे लोक. त्यांचं एकच वाक्य येतं, कोरडं, नमस्कार चमत्कार काही नाही. मला पहिलं उत्तर आलं होतं की हा रिझल्ट का तपासलेला नाही, बस, एवढंच. (हो, एक जागा तरीही राहिलीच होती.) दोन दिवस मनाला लागलं, मग कळलं की अनोळखी माणसाने माझ्या चारशे ओळी बसून वाचल्यात, फुकट. पॅच ईमेलने जातात, साध्या टेक्स्टमध्ये, खाली साइन्ड-ऑफ-बायची ओळ (म्हणजे तुमची सही) लागते, आणि पाठवायच्या आधी चेकपॅच (कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवा म्हणजे स्पेसवरून बोलणी खायला लागणार नाहीत. वर्षाला साधारण तीन रिलीज असतात, एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबरच्या आसपास, त्याआधी फ्रीझ लागतो (नवीन कोड घेणं थांबतं), तेव्हा उत्तर नाही आलं तर रुसू नका.

आणि एआयकडून कोड लिहून घेऊन पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. २०२५ पासून क्यूएमूचं धोरणच आहे की असा कोड घेणार नाही. वाचून समजून घ्यायला वापरा, तो तुमचा प्रश्न, पण सही तुमची आहे.

पैशाचं विचारता ना सगळे. सरळ सांगते, नाशिकात या कामाच्या जाहिराती मी तरी बघितल्या नाहीत, मिळालं तर पुणं-बेंगळुरू नाहीतर घरून. पहिलं दीड वर्ष मला या कामाचा वेगळा रुपया मिळाला नाही. पण नंतर इंटरव्ह्यूत त्या अडीच आठवड्यांचीच गोष्ट सांगितली आणि समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागला, बाकी रेझ्युमे त्याने उलटूनही बघितला नाही. आता नाशिकरोडला घरूनच काम करते.

परवा सिन्नरच्या एका पोराचा फोन आला, फायनल इयरला आहे, एज्युचा ड्रायव्हर लिहितोय. "ताई, डीएमए केला तर बफर तसाच राहतोय, भलतीकडेच कुठेतरी लिहिलं जातंय." मी मोठ्या रुबाबात म्हणलं, आधी एलएसपीसीआय लाव, बसमास्टर मायनस असणार बघ. त्याने लावलं. प्लस होता. मग वीस मिनिटं दोघं गप्प. शेवटी विचारलं, गेस्टला रॅम किती दिलीस, तर २ जीबी. एज्युला डीफॉल्टला २८ बिटचाच डीएमए पत्ता कळतो, म्हणजे २५६ एमबीपर्यंत, आणि याने ड्रायव्हरमध्ये डीएमए मास्क (कार्डाला किती बिटचा पत्ता कळतो ते कर्नलला सांगणं) दिलेलाच नव्हता, बफर त्याच्या कितीतरी वर. मास्क टाकून बघतो म्हणाला, रात्री मेसेज आला, "ताई चाललं, पण आता इंटरप्ट दोनदा येतोय."