पहिल्या पगाराआधी : डिपेन्डन्ट केअर एफएसएची तयारी

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आणि घरात लहान मूल असणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही यादी लिहीत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बहुतेक कंपन्यांचे ओपन एन्रोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचे विमा आणि इतर लाभ निवडण्याचा काळ, सुरू होतो, विम्याचे पर्याय तोलता तोलता शेवटचा दिवस येऊन ठेपतो आणि मुलांच्या सांभाळासाठी करपूर्व पगारातून पैसे बाजूला ठेवण्याच्या खात्याचा, म्हणजे डिपेन्डन्ट केअर एफएसएचा (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट), रकाना घाईघाईत भरला जातो. खर्चाचा पुरावा दाखवला की त्यातले पैसे करमुक्त परत मिळतात, नाही तर बुडतात. काही वर्षांपूर्वी मीही तो असाच भरला. त्या वर्षी माझ्या पगारातून 5,000 डॉलर कापले गेले, त्यांतले 700 डॉलर परत मिळाले आणि 4,300 डॉलर बुडाले. आम्ही दोघेही नोकरी करत होतो, मूल दोन वर्षांचे होते, सांभाळण्याचे पैसे दर आठवड्याला चुकते केले होते. म्हणजे खर्च पूर्णपणे नियमात बसणारा होता. आमच्याकडे नव्हता तो फक्त सांभाळणाऱ्या बाईंचा करक्रमांक आणि त्यांच्या सहीचा कागद.

म्हणून पहिले काम हेच, आणि ते रक्कम ठरवण्याच्याही आधीचे आहे. आयआरएसचा, म्हणजे अमेरिकी करखात्याचा, डब्ल्यू-10 नावाचा एक पानी फॉर्म असतो. तो छापून घ्या आणि मूल ज्यांच्याकडे ठेवणार आहात त्यांच्याकडून नाव, पत्ता आणि करक्रमांक भरून, खाली सही करून घ्या. मोठ्या डे-केअर सेंटरचा क्रमांक बहुधा त्यांच्या पावतीवरच छापलेला असतो आणि तेवढा पुरतो. घरी मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीचा मात्र सोशल सिक्युरिटी क्रमांकच बहुतेक वेळा द्यावा लागतो, आणि तो मागणे अवघड वाटते. चर्चसारखी करमुक्त संस्था पाळणाघर चालवत असेल तर क्रमांकाच्या जागी तशी नोंद चालते. हा फॉर्म कुठे पाठवायचा नसतो, आपल्याजवळ ठेवायचा असतो, आणि त्यामुळेच तो राहून जातो.

आमचे कसे झाले ते सविस्तर सांगते, कारण अनेक घरांत आजही असेच चालू आहे. आमच्या वसाहतीत एक मराठी बाई घरी चार मुले सांभाळत. आम्ही त्यांना काकू म्हणायचो आणि मूलही त्यांना काकूच म्हणायचे. पहिल्या दिवशी मी मुलाच्या पिशवीत दोन जोड कपडे, वरणभाताचा डबा, आजीने शिवलेली गोधडी आणि तापाचे औषध भरले होते. औषध किती आणि केव्हा द्यायचे, ते चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बाटलीला रबराने बांधली होती. एवढी तयारी करूनही एक फॉर्म दारात पुढे करावा, हे मला सुचले नाही. दर शुक्रवारी झेलवरून (बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याची सेवा) 225 डॉलर जात आणि त्या पैशांबद्दल याहून अधिक कधी बोलणे झाले नाही. डिसेंबरच्या मध्यावर मूल सेंटरमध्ये जाऊ लागले आणि काकू दुसऱ्या राज्यात मुलीकडे राहायला गेल्या. फेब्रुवारीत मी सगळे क्लेम एकदम भरायला बसले, तेव्हा प्रत्येक क्लेमवर एक तर पावती मागितली होती, नाही तर सांभाळणाऱ्या व्यक्तीची सही. झेलचे स्क्रीनशॉट लावले. ते नामंजूर झाले, कारण पैसे कोणाला गेले एवढेच त्यांवरून कळते. कोणत्या मुलाला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणी सांभाळले हे कळत नाही. काकूंना फोन केला. ते उत्पन्न त्यांनी आपल्या करविवरणात दाखवले नव्हते, त्यामुळे सही करायची त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीला माझ्याकडे उत्तर नव्हते. हाच प्रश्न वर्ष सुरू होण्याआधी, एन्रोलमेंटच्या वेळीच विचारला असता, तर एक तर त्यांनी उत्पन्न दाखवायची तयारी केली असती, नाही तर आम्ही त्या खात्यात पैसे ठेवलेच नसते. त्यामुळे हे विचारणे अविश्वासाचे लक्षण समजू नका. सांभाळणाऱ्यांनाही त्या उत्पन्नावर कर भरायचा असतो आणि ते त्यांना वर्ष संपल्यावर नव्हे, सुरू होण्याआधी कळायला हवे.

आता पात्रता. मूल 13 वर्षांखालचे हवे, हे सर्वांना माहीत असते. लोक चुकतात ते दुसऱ्या अटीत : आई आणि वडील दोघेही नोकरी करत असले पाहिजेत, किंवा नोकरी शोधत असले पाहिजेत, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असले पाहिजेत. एच-4 वर (एच-1बी वर काम करणाऱ्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या आणि कामाचा परवाना नसलेल्या जोडीदाराचे घरी असणे या अटीत बसत नाही, मग तुम्ही प्रीस्कूलची कितीही फी भरत असा. परवाना असेल तर त्याची मुदत कोणत्या महिन्यात संपते ते आजच बघा. 30 ऑक्टोबर 2025 पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे मध्ये काही महिने काम थांबण्याची शक्यता धरूनच रक्कम ठरवावी लागते. नोकरी शोधणे चालते खरे, पण या खात्यातून करमुक्त मिळणारी रक्कम दोघांपैकी ज्याची वर्षाची कमाई कमी असेल त्या कमाईपेक्षा जास्त असू शकत नाही. वर्षभरात कमाईच झाली नाही तर सवलत शून्य. जोडीदार पूर्णवेळ शिकत असेल तर एका मुलासाठी महिना 250 डॉलर आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी महिना 500 डॉलर एवढी कमाई मानली जाते, त्या हिशेबाबाहेर जाऊ नका.

आजी-आजोबांबद्दल नेहमी विचारले जाते. ते व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांना सांभाळण्याचे पैसे देता येत नाहीत, कारण त्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. आपण ज्यांना करविवरणात आश्रित म्हणून दाखवतो त्यांना दिलेले पैसेही चालत नाहीत. ग्रीन कार्डवर असलेल्या आणि आश्रित म्हणून न दाखवलेल्या आजींना पैसे देता येतात, पण मग त्यांचाही करक्रमांक, त्यांचीही सही आणि त्यांचेही करविवरण हे सगळे आलेच.

खर्च कोणता चालतो? डे-केअर, प्रीस्कूल, शाळेच्या आधीचा आणि नंतरचा सांभाळ, सुट्टीतला दिवसाचा समर कॅम्प हे चालते. रात्री मुक्काम असलेला कॅम्प चालत नाही. किंडरगार्टन आणि त्यापुढच्या शाळेची फी चालत नाही. शनिवार-रविवारची मराठी शाळा, भरतनाट्यमचा किंवा तबल्याचा वर्ग, गणिताची शिकवणी हा शिक्षणाचा खर्च आहे, सांभाळण्याचा नाही. आणि एक गंभीर इशारा : मुलाच्या डॉक्टरची बिले या खात्यातून देता येत नाहीत. आरोग्यखर्चाचे एफएसए आणि हे खाते एन्रोलमेंटच्या पडद्यावर एकाखाली एक असतात, ‘डिपेन्डन्ट’ हा शब्द वाचून लोक चुकीच्या रकान्यात रक्कम टाकतात, आणि एका खात्यातले पैसे दुसऱ्यात हलवता येत नाहीत.

नॅनी घरी येणार असेल तर तुम्ही मालक ठरता. 2026 मध्ये एका व्यक्तीला वर्षभरात 3,000 डॉलर किंवा अधिक रोख वेतन दिले की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर कापणे, आपला वाटा भरणे आणि करविवरणाला शेड्युल एच (घरकामगारांच्या कराचा फॉर्म) जोडणे आले. ते नको म्हणून हातात रोख देण्याचा मार्ग धराल तर एफएसएचा विचार सोडून द्या; दोन्ही एकत्र होत नाही.

मग रक्कम. 1986 मध्ये ठरलेली 5,000 डॉलरची मर्यादा जवळपास चार दशके तशीच राहिली. मध्ये फक्त 2021 या एका वर्षासाठी ती 10,500 डॉलर झाली होती. 2026 पासून ती 7,500 डॉलर आहे, आणि पती-पत्नी वेगवेगळे विवरण भरत असतील तर प्रत्येकी 3,750. ही मर्यादा सबंध कुटुंबाची आहे, दर मुलामागे नाही आणि दर पालकामागेही नाही. दोघांच्या कंपन्या एकमेकींना विचारत नाहीत, त्यामुळे दोघांनीही पूर्ण रक्कम भरली तर कोणी अडवणार नाही; जादा रकमेवर पुढे कर भरावा लागेल. कंपनीने आपल्या योजनेत नवी मर्यादा घेतली आहे की नाही हे एचआरला विचारा, कारण ती घेणे कंपनीवर बंधनकारक नाही. जास्त पगाराच्या कर्मचाऱ्यांनीच या योजनेचा लाभ घेतला असे कंपनीच्या वार्षिक चाचणीत दिसले तर त्यांची रक्कम वर्षाच्या मध्ये कमी केली जाते किंवा ती करपात्र ठरते. 2025 मध्ये 160,000 डॉलरपेक्षा जास्त पगार घेतलेल्यांनी 2026 च्या हिशेबात ही शक्यता धरावी.

फायदा खरा आहे, म्हणूनच एवढे लिहिते आहे. 22 टक्क्यांच्या टप्प्यातल्या कुटुंबाचे फेडरल कर आणि 7.65 टक्के पेरोल कर मिळून 7,500 डॉलरवर सुमारे 2,200 डॉलर वाचतात. करविवरणातली मुलांच्या सांभाळाची वेगळी सवलत एका मुलासाठी 3,000 आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी 6,000 डॉलरच्या खर्चावर मोजली जाते, आणि एफएसएतून घेतलेली रक्कम त्यातून वजा होते. ज्यांचे एकत्रित उत्पन्न मोठे आहे त्यांना ती सवलत 20 टक्क्यांनीच मिळते, म्हणून त्यांच्यासाठी एफएसए सरस आहे. उत्पन्न बेताचे असेल तर दोन्ही हिशेब कागदावर मांडून बघा.

पण रक्कम टाकण्याचे बटण दाबण्याआधी डब्ल्यू-10 हातात आहे का, हे पुन्हा बघा. ‘देतील की नंतर’ असे मनात येत असेल तर तेथेच थांबा. माझ्या मनातही नेमके हेच वाक्य होते.

मागच्या वर्षीची निवड या वर्षाला आपोआप लागू होईल असे धरू नका. दर वर्षी नव्याने निवडावे लागते. वर्षाच्या मध्ये रक्कम बदलता येते, पण कारण लागते : मुलाचा जन्म, जोडीदाराची नोकरी सुटणे किंवा लागणे, सांभाळणारे बदलणे, फी बदलणे. सांभाळणारे नातेवाईक असतील तर त्यांनी पैसे वाढवले हे कारण चालत नाही. यासाठी बहुतेक योजनांत 30 दिवस मिळतात, आणि बाळंतपणात ते भराभर निघून जातात.

पैसे मिळण्याचा क्रमही समजून घ्या. आरोग्याच्या एफएसएत वर्षाची सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, येथे मात्र जेवढी कापली गेली तेवढीच मिळते. 26 पगारांत 7,500 डॉलर म्हणजे दर पगाराला साधारण 288. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत डे-केअरची पूर्ण फी खिशातून भरून वर पगारही कमी हातात येईल, तेवढी तजवीज हवी. खर्चाची तारीख धरतात ती मूल सांभाळले त्या दिवसाची, पैसे दिले त्या दिवसाची नाही. डिसेंबरात भरलेली जानेवारीची फी नव्या वर्षातच मोडते. जागा राखण्यासाठी भरलेली अनामत मूल जायला लागल्यावरच मागता येते.

क्लेम दर महिन्याला भरा. घरगुती सांभाळ असेल तर दर महिनाअखेरीला एका कागदावर मुलाचे नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रक्कम, आणि खाली सांभाळणाऱ्यांची सही घ्या. वर्षाच्या शेवटी एकदम घेऊ म्हणू नका, कारण तोवर माणसे गाव बदलतात, आणि सही नसेल तर पैसे नाहीत.

नोकरी सोडणार असाल तर आधी योजनेचे नियम वाचा. सोडल्यानंतरचा खर्च बऱ्याच ठिकाणी चालत नाही. उरलेली रक्कम पुढच्या वर्षात नेता येत नाही. काही योजना 15 मार्चपर्यंतचा खर्च चालवून घेतात, सगळ्या नाही. क्लेम दाखल करण्याची अंतिम तारीख वेगळी असते, ती कॅलेंडरवर लिहा.

कर भरताना डब्ल्यू-2 च्या (कंपनीकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) दहाव्या चौकटीत ही रक्कम दिसेल आणि सांभाळाच्या खर्चाचा फॉर्म 2441 भरावाच लागेल, वेगळी सवलत घेणार नसलात तरी. त्याच्या पहिल्याच भागात सांभाळणाऱ्यांचे नाव, पत्ता आणि करक्रमांक मागितलेला असतो. आधीच घेऊन ठेवलेला डब्ल्यू-10 समोर ठेवा आणि तेथून उतरवून घ्या.