व्हॉल्यूम इंडिकेटर वापरताय? मग या चुका टाळा

"ओबीव्ही (ऑन बॅलन्स व्हॉल्यूम) वर चाललंय, शेअर घेऊ का?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, आणि दरवेळी चार्ट मागवला की दिसतं काय, तर व्हॉल्यूमचे, म्हणजे रोज किती शेअर्सचा व्यवहार झाला त्याचे, साधे बारच बंद करून ठेवलेत. आधी ते चालू करा, मग बोलू.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच दिवसाच्या प्रचंड व्हॉल्यूमवर भुलणं. ओबीव्हीचं गणित साधं आहे, क्लोज (दिवसाचा बंद भाव) कालच्या वर आला की आजचा अख्खा व्हॉल्यूम मिळवायचा, खाली आला की अख्खा वजा, भाव किती हलला ते बघतच नाही. माझ्याकडे एक शेअर होता, रोज साधारण 5 लाखांचा व्हॉल्यूम, एक दिवस झाला 50 लाख आणि क्लोज जेमतेम 0.1 टक्का वर. ओबीव्ही सरळ उभं राहिलं, मला वाटलं मोठे लोक माल गोळा करतायत, दुसऱ्या दिवशी सकाळीच घुसलो. पुढचे नऊ दिवस शेअर पडत होता, रोज 5 लाख धरले तर 45 लाख वजा झाले तरी ओबीव्ही त्या उडीच्या आधीपेक्षा वरच, आणि मी तेच बघत लॉस वाढू दिला. नंतर कळलं ते ब्लॉक डील होतं, एकाने दुसऱ्याला माल दिला एवढंच. आता असा बार दिसला की मी आधी कारण शोधतो, ब्लॉक डील का, निफ्टीसारख्या इंडेक्समधल्या शेअर्सच्या यादीत बदल होता का, आणि तो एक दिवस झाकून उरलेला चार्ट वाचतो. कारण सापडलं नाही तर ट्रेडच घेत नाही.

दुसरी चूक नवीन लोकांच्या घाईची. मार्केट उघडून तास झालेला असतो आणि अर्धवट बारची तुलना 20 दिवसांच्या पूर्ण सरासरीशी, किंवा पहिल्या पंधरा मिनिटांचा व्हॉल्यूम गुणून दिवसाचा अंदाज. अहो, सुरुवातीला आणि शेवटी व्हॉल्यूम जास्त असतो, मधे ओसरतो, मग हा गुणाकार कसा जमणार? मी मागच्या दहा दिवसांत याच वेळेपर्यंत किती झाला होता ते बघतो. कंटाळवाणं आहे, पण याला शॉर्टकट मला तरी सापडला नाही.

ओबीव्ही, एमएफआय (मनी फ्लो इंडेक्स, भाव आणि व्हॉल्यूम मिळून 0 ते 100 मधला आकडा) आणि चायकिन मनी फ्लो (असाच आणखी एक व्हॉल्यूम इंडिकेटर) तिन्ही लावून "तिघं हो म्हणतायत" म्हणू नका, तिघांच्या पोटात तोच व्हॉल्यूम आहे.

एमएफआय 80 च्या वर गेला, म्हणजे खरेदी अति झाली असं समजून लगेच विकू नका, जोरदार ट्रेंडमध्ये तो तिथे बराच काळ राहतो.

व्हीवॅप (व्हॉल्यूमच्या वजनाने काढलेला दिवसाचा सरासरी भाव) रोज नव्याने सुरू होतो, कालची लेव्हल आजचा व्हीवॅप म्हणून धरू नका. दिवसाच्या शेवटी तर तो फारसा हलतही नाही.

आणि दोन शेअर्सच्या ओबीव्हीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, तो आकडा मोजणी कुठल्या तारखेपासून सुरू केली त्यावर ठरतो, बघायची ती फक्त दिशा.