अणुऊर्जेच्या नोकरीला बाहेरदेशी जाताय? आधी तिथली नस ओळखा

परळीच्या थर्मलची राख बघत मोठं झालेल्या पोरांनो, डिग्रीइतकंच तिथल्या लोकांचं मन समजून घ्या. फ्रान्समधे दोन तृतीयांशाच्या आसपास वीज अणूचीच, तिथं आपलं काम बिनधास्त सांगा. पण जर्मनीत १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या, अन् ऑस्ट्रियात तर झ्वेंटेनडॉर्फचा अणुप्रकल्प पूर्ण बांधून तयार होता तरी १९७८ ला लोकांनी मतदान करून तो चालूच होऊ दिला नाही, त्यामुळं तिथं कुणी जेवायला बोलावलं तर आधी ऐका, मग बोला.

जपानमधे फुकुशिमाच्या अणुकेंद्रातल्या अपघाताचा विषय निघाला की लगेच आकडे काढू नका. २०११ ला गाव सोडावं लागलेल्या माणसाला आकडे नकोत, ऐकणारं माणूस पाहिजे.

घरचं समजावणं जास्त अवघड बघा. आजी विचारते, "बॉम्बच्या कारखान्यात चाललास का बाळा?" तिला चुलीवरचं पातेलं दाखवा. वाफेनं झाकण उडतं ना, तशीच वाफ टर्बाइन फिरवते, परळीसारखीच, फक्त कोळशाऐवजी युरेनियम. आणि पाण्याचं ती विचारणारच, २०१५ ला पाण्यावाचून परळीचं केंद्र बंद पडलेलं तिनं बघितलंय. खरं सांगा, अणुभट्टीलाही थंड करायला भरपूर पाणी लागतं, म्हणून तर तारापूरचं अणुकेंद्र समुद्राकाठी आहे.